पाण्याची वांटणी आणि पंचाची घागर

एकत्र कुटुंबाची वांटणी होते तेव्हां घरदार, शेतजमीन, दागदागिने, भांडींकुंडीं या सर्वांचे हिस्से पाडतां येतात. जें मोजतां किंवा तोलतां येतें तें विभागतां येतें. आणि अगदींच नड पडली तर एकानें वस्तु ठेवावी व दुसऱ्यास तिचें मोल द्यावें, एवढ्यानें काम भागतें. परंतु परसांतल्या विहिरीपाशीं येऊन पोंचलें म्हणजे वांटणीपत्र लिहिणाराची लेखणी थबकते. विहीर अर्धी कापून कोणाच्या पदरांत टाकावयाची? आमच्या धर्मशास्त्रकारांना ही अडचण चांगली ठाऊक होती. मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायांत ज्या वस्तु अविभाज्य म्हणून सांगितल्या आहेत त्यांत उदकाची गणना आहे. विज्ञानेश्वरानें मिताक्षरेंत त्याचा उलगडा असा केला आहे कीं, विहिरीसारख्या जलाशयाचे तुकडे करूं नयेत, त्याची किंमत करून तीही वांटूं नये, तर हिस्सेदारांनीं त्याचा उपभोग पर्यायानें, म्हणजे पाळीपाळीनें, घ्यावा.

घरच्या विहिरीचा निकाल असा लागतो. पण भाऊ म्हणजे दोन राज्यें, विहीर म्हणजे शेंकडों मैल वाहणारी नदी, आणि वांटणी करण्यास बसलेला पंच म्हणजे तिसराच कोणी बलाढ्य सत्ताधीश, असा योग आला म्हणजे काय होतें? कावेरी आणि कृष्णा यांच्या पाण्याचे वाद आमच्या वाचकांच्या कानांवरून नेहमींच जातात. परंतु आपल्या दारच्या तंट्यांत आपण सारेच पक्षकार असतों; न्यायाची रीत समजून घ्यावयाची तर दूरचें उदाहरण बरें. म्हणून या महिन्यांत आम्ही हेल्मंद नदीची हकीकत सांगण्याचें योजिलें आहे. इराण आणि अफगाणिस्तान या दोन शेजाऱ्यांमध्यें या नदीसंबंधीं इंग्रजांनीं १८७२ सालीं एकदां आणि १९०५ सालीं दुसऱ्यांदा निवाडा दिला. आणि तरीही तो तंटा आज मिटलेला नाहीं.

हेल्मंद ही काबूलच्या पश्चिमेकडील डोंगरांत उगम पावते आणि अफगाणिस्तानाचा मोठा भाग ओलांडून सुमारें ७०० मैल नैर्ऋत्येकडे जाते. ती समुद्रास मिळत नाहीं. वाळवंट मागें टाकून ती सीस्तान नांवाच्या सखल प्रदेशांत उतरते आणि तेथें ‘हामून’ या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या उथळ सरोवरांत पसरून उन्हावाऱ्यानें आटते. सीस्तान हें नांव ‘शकस्थान’ याचेंच झिजलेलें रूप आहे. ज्या शकांच्या नांवाशिवाय आमचें पंचांग उघडत नाहीं, त्यांची ही एके काळची वसतिभूमि. नदीचें नांव तर याहूनही बोलकें आहे. पारशांच्या अवेस्ता ग्रंथांत तिला ‘हएतुमन्त्’ म्हटलें आहे. संस्कृतांतील सकाराच्या जागीं तिकडे हकार येतो, हें सिंधु-हिंदु, सप्त-हप्त या जोड्यांवरून वाचकांस ठाऊक असेलच. त्या नियमानें हएतुमन्त् म्हणजे आपल्या भाषेंतील ‘सेतुमत्’, अर्थात् ‘जिला बांध आहेत अशी’. दोनअडीच हजार वर्षांपूर्वींच्या लोकांना ही नदी आठवे ती तिच्या लाटांवरून नव्हे, तिच्यावर घातलेल्या बांधांवरून!

यांत नवल नाहीं. सीस्तानांत वर्षाकाठीं पाऊस पडतो तो दोनअडीच इंच. उन्हाळ्यांत तेथें वायव्येकडून असा वारा सुटतो कीं, त्याचें नांवच मुळीं ‘एकशेंवीस दिवसांचा वारा’ असें पडलें आहे. तेव्हां गहूं पिकवावयाचा तर नदीचेंच पाणी पाहिजे, आणि तें शेतावर आणावयाचें तर बांध पाहिजे. कोहक येथें नदीला आडवा बांध घालून पाणी इराणच्या बाजूच्या मोठ्या कालव्यांत वळवीत असत. हा बांध दगडचुन्याचा नव्हे. नदी ओसरली म्हणजे गांवोगांवचे शेतकरी जमत, झाऊच्या झुडपांच्या फांद्या तोडून त्यांच्या मोळ्या बांधीत, त्या गाळमातीनें दडपीत, आणि तो आडवा बंधारा उभा करीत. वसंतांत हिम वितळून पूर आला कीं बांध वाहून जाई, आणि पुढच्या वर्षीं पुन्हा तेंच काम आरंभावें लागे. शिवाय या नदीचा एक स्वभाव आहे. ती गाळ फार आणते. आपलेंच पात्र भरून उंच करते. आणि मग एखाद्या मोठ्या पुरांत तें सोडून बाजूच्या सखल भागांतून नवी वाट काढते. पुढील सर्व हकीकतीची किल्ली नदीच्या या स्वभावांत आहे.

आतां तंट्याचा आरंभ पाहूं. हिरात शहरावरून इंग्रज व इराण यांच्यांत युद्ध झालें, तें १८५७ च्या मार्चांत पॅरिस येथें झालेल्या तहानें संपलें. त्या तहांत असें एक कलम होतें कीं, इराण व अफगाणिस्तान यांच्यामध्यें वाद उत्पन्न झाल्यास इराणनें हत्यार उचलण्यापूर्वीं तो इंग्रज सरकारच्या मध्यस्थीस द्यावा. म्हणजे पंच आधीं ठरला, आणि तंटा मागाहून आला. सीस्तानावर दोन्ही राज्यें हक्क सांगत होतीं. इराणनें मध्यस्थी मागितली तेव्हां इंग्लंडचे परराष्ट्रमंत्री लॉर्ड रसेल यांनीं १८६३ सालीं असा जबाब दिला कीं, या प्रकरणांत इंग्रज सरकार पडूं इच्छीत नाहीं. उभय पक्षांनीं आपापला ताबा शस्त्रबळानें सिद्ध करावा! पंचानें दोघां भावांस ‘तुम्ही काठ्या घ्या’ असें सांगण्यासारखाच हा प्रकार. इराणनें तो सल्ला मनावर घेतला आणि फौज पाठवून सीस्तानाचा पुष्कळ भाग आपल्या हाताखालीं आणला. काबूलचा अमीर शेर अली खान चिडला. तिकडे मध्य आशियांत रशियाचें पाऊल दरसाल दक्षिणेकडे पडत होतें, आणि इराण व अफगाणिस्तान यांची लढाई जुंपली तर हिंदुस्थानच्या वाटेवर वणवा पेटेल अशी धास्ती इंग्रजांस वाटूं लागली. त्यासरशीं १८५७ च्या कलमाची त्यांस आठवण झाली.

पंच म्हणून मेजर जनरल सर फ्रेडरिक गोल्डस्मिड यांची नेमणूक झाली. ते १८७२ सालीं सीस्तानांत आले, परंतु स्थानिक इराणी अधिकाऱ्यांच्या अडथळ्यांमुळें त्यांस मनासारखी पाहणी करतां आली नाहीं. त्याच वर्षीं ऑगस्ट महिन्यांत तेहरान येथें त्यांनीं आपला निवाडा सांगितला. त्याचें सार असें कीं, ‘मूळ सीस्तान’ इराणकडे राहावें, नदीच्या उजव्या तीरावरील ‘बाह्य सीस्तान’ अफगाणिस्तानाकडे जावें, आणि कोहकच्या खालीं हेल्मंदचें मुख्य पात्र हीच दोहोंमधील सीमा समजावी. पाण्याविषयीं एकच वाक्य होतें: दोन्ही तीरांवरील शेतीला अवश्य असणाऱ्या पाण्यास बाध येईल असें कोणतेंही काम कोणत्याही बाजूस करूं नये. उभय पक्षांनीं कुरकुर केली, पण शेवटीं तो निवाडा स्वीकारला.

वाक्य वाचावयास फार चांगलें आहे. परंतु ‘अवश्य’ म्हणजे किती, हें त्यांत कोठेंही सांगितलेलें नाहीं. विहीर तुडुंब आहे तोंपर्यंत ‘ज्याला लागेल तेवढें त्यानें घ्यावें’ हा नियम पुरतो. कारण तोंपर्यंत वस्तुतः नियमाची गरजच नसते. चैत्रवैशाखांत तळ दिसूं लागला म्हणजे माप लागतें, आणि तें तर पंचानें दिलेलेंच नाहीं! दुसरा दोष याहून मोठा. जी नदी दर पिढीला अंथरूण बदलते तिच्या अंगावरच गोल्डस्मिड यांनीं सरहद्द आंखली. जमिनीवर रेघ ओढली तर ती राहते. वाहत्या पाण्यावरील रेघेचा भरंवसा कोणीं द्यावा?

चोवीस वर्षें निभावलीं. १८९६ च्या पुरांत हेल्मंदनें मुख्य पात्र सोडलें आणि पश्चिमेकडे, म्हणजे इराणच्या अंगाला, नवी वाट पाडली. सीमा नदीबरोबर सरकली, कीं जुन्या कोरड्या पात्रांतच राहिली? सरकली म्हणावें तर मधला सुपीक पट्टा आयता अफगाणांस मिळतो. न सरकली म्हणावें तर नदी इराणच्या हद्दीत वाहूं लागते. या वादाचा निकाल लागण्यापूर्वींच १९०२ सालीं नदीचें पाणी भयंकर आटलें. बांध घालण्यावरून व फोडण्यावरून दोन्ही तीरांवरचे लोक हातघाईवर आले, आणि इराणनें पुन्हा १८५७ च्या कलमाकडे बोट दाखविलें.

या वेळीं आलेले गृहस्थ म्हणजे कर्नल आर्थर हेन्री मॅकमहॉन. हिंदुस्थान व तिबेट यांच्यामधील १९१४ सालची सीमारेषा ज्यांच्या नांवानें प्रसिद्ध आहे तेच हे. १९०३ च्या आरंभीं ते क्वेट्ट्याकडून नुश्कीच्या वाटेनें वाळवंट तुडवीत सीस्तानांत आले, ते सुमारें दीड हजार माणसें आणि दोन हजारांवर उंट घेऊन. पंच कीं स्वारी, असा प्रश्न तेथील रहिवाशांस पडला असल्यास त्यांस दोष देतां येणार नाहीं. परंतु काम मात्र त्यांनीं कसोशीनें केलें, हें म्हटलें पाहिजे. त्यांच्याबरोबर मोजणीचे व पाटबंधाऱ्याचे जाणते अधिकारी होते. दोन वर्षांहून अधिक काळ राहून त्यांनीं जमिनीची उंचसखल, कालव्यांची रुंदीखोली, पुरांतलें व ओहोटींतलें पाणी, हें सर्व मोजलें. १९०३ च्या नोव्हेंबरांत त्यांनीं सरहद्दीचा निकाल दिला: सीमा जुन्या पात्राचीच धरावी, आणि ती आतां पाण्यावर न ठेवतां जागोजागीं खांब उभारून पक्की करावी. तो निकाल टिकला.

पाण्याचा निवाडा १० एप्रिल १९०५ रोजीं झाला. मॅकमहॉन यांचें म्हणणें असें कीं, सीस्तानाचें नुकसान पाण्याच्या कमतरतेपेक्षां पाण्याच्या अतिरेकानेंच अधिक होतें. खरी तूट क्वचित् एखाद्या सालीं. बंदर-इ-कमालखान या ठिकाणीं जेवढें पाणी सीस्तानांत शिरतें त्याचा एकतृतीयांश इराणला मिळावा. तेवढ्यानें तेथील चालू शेती भागून पुढील वाढीलाही जागा राहते. उरलेले दोन भाग अफगाणिस्तानाचे. गोल्डस्मिड यांच्या ‘अवश्य’ या मोघम शब्दाच्या जागीं आतां अपूर्णांक आला, ही प्रगति लहान नव्हे. एकतृतीयांश हें माप योग्य कीं अयोग्य, याचा निर्णय देण्याचा अधिकार आमच्यासारख्या शाळामास्तराचा नाहीं. त्या मापाला जीं दोन कलमें जोडलेलीं होतीं त्यांजकडे मात्र वाचकांचें लक्ष वेधावेंसें वाटतें.

पहिलें असें कीं, इराणनें आपला पाण्याचा हक्क अफगाणिस्तानाच्या संमतीवांचून तिसऱ्या कोणत्याही सत्तेस देऊं नये. ही तिसरी सत्ता म्हणजे रशिया, हें सांगावयास नकोच. दुसरें असें कीं, वांटणी नीट चालते कीं नाहीं हें पाहण्यासाठीं पाटबंधाऱ्याचें ज्ञान असलेला एक इंग्रज अधिकारी सीस्तानांतील इंग्रज वकिलातींत कायमचा ठेवावा. आतां इराणच्या जागीं बसून हीं कलमें वाचा. भावाशीं विहिरीवरून भांडण झालें म्हणून आपण शेजारच्या सावकाराला पंच केलें. त्यानें पाण्याच्या पाळ्या ठरविल्या. आणि शेवटीं लिहिलें कीं, पाळ्यांवर देखरेख करण्यास माझा कारकून यापुढें तुमच्या परसांत राहील, आणि माझ्या वैऱ्याला या विहिरीवर तुम्हीं पाय ठेवूं देऊं नये. अशा निवाड्यांतलें माप कितीही खरें असो, घरधनी तें कागद परत करील. इराणनें तसेंच केलें. काबूलच्या अमीर हबीबुल्ला खानानें निवाडा मान्य केला. इराणनें तो नाकारला. भर म्हणजे त्या काळीं अफगाणिस्तानाचे परराष्ट्रव्यवहार इंग्रजांच्याच हातीं होते. तेव्हां न्यायासनावर बसणारा आणि एका पक्षाची वकिली करणारा हे एकाच घरचे ठरत होते.

आमच्या मतें दुसऱ्या निवाड्याच्या अपयशाचें मुख्य कारण येथें आहे. ज्याची स्वतःची घागर त्याच विहिरींत बुडते त्याला पंच म्हणतां येत नाहीं. तो तिसरा हिस्सेदार झाला. इंग्रजांना हेल्मंदचें पाणी शेतीसाठीं नको होतें, हें खरें. पण त्यांना त्या नदीच्या कांठीं पहारा पाहिजे होता, आणि पहाऱ्याची तहान पाण्याच्या तहानेहून कमी नसते.

येथें दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. हा पंच नसता तर दोन्ही राज्यांनीं रक्त सांडलें असतें, असें कोणी म्हणेल. आणि तें सर्वस्वीं खोटें नाहीं. १९०३ सालीं उभारलेल्या खांबांची सीमा, नदीची पहिली काळजीपूर्वक मोजदाद, आणि पाणी शब्दांनीं नव्हे तर अंकांनीं वांटावें ही दृष्टि, हें त्या लवादाचें देणें आहे. नाकारलेल्या निवाड्यांतूनही पुढच्यांच्या उपयोगी पडेल असें कांहीं उरतें.

पुढील हकीकत थोडक्यांत सांगतों. १९१९ सालीं अफगाणिस्तान पूर्ण स्वतंत्र झालें. १९३८-३९ च्या सुमारास उभय राज्यांनीं मध्यस्थावांचून एक तह केला व कमालखानपाशीं येणारें पाणी निम्मेंनिम्म घेण्याचें ठरविलें. परंतु त्यासोबतच्या जाहीरनाम्यास काबूलच्या प्रतिनिधिसभेनें मान्यता दिली नाहीं आणि तह अंमलांत आला नाहीं. मग अफगाणिस्तानानें अमेरिकन इंजिनिअर बोलावून वरच्या बाजूस काम आरंभिलें. काजकी येथील मोठें धरण १९५३ सालीं पुरें झालें. इराण घाबरला. त्या सुमारास अमेरिका, कॅनडा व चिली या तीन दूरच्या देशांतील तज्ज्ञांचें एक मंडळ नेमण्यांत आलें. ज्यांना हेल्मंदचा थेंबही नको, असे पंच या प्रकरणास प्रथमच लाभले. त्यांनीं १९५१ सालीं इराणसाठीं दर सेकंदास २२ घनमीटर पाणी सुचविलें. इराणला तें अपुरें वाटलें. परंतु पुढें १३ मार्च १९७३ रोजीं काबूल येथें इराणचे पंतप्रधान अमीर अब्बास होवेदा आणि अफगाणिस्तानचे पंतप्रधान मुहम्मद मूसा शफीक यांनीं जो करार केला त्याचा पाया तोच अंक होता. २२ घनमीटरांत सद्भावाचे म्हणून ४ मिळवून २६ ठरले. महिन्यामहिन्याचें माप लिहिलें गेलें. आणि नदीला पाणी कमी आल्यास इराणचा हिस्साही त्याच प्रमाणांत कमी व्हावा, असें कलम घातलें गेलें. मतभेद झाल्यास आधीं परस्पर बोलणें, मग मित्राची मध्यस्थी, आणि शेवटीं लवाद, अशी पायरीही त्यांत आहे.

त्यानंतर काबूलचें राजपद गेलें, इराणचें गेलें, दोन्ही देशांत क्रांत्या झाल्या. परंतु तो करार कोणींच फाडला नाहीं. तंटा मात्र उरला आहे. १९९८ नंतर पडलेल्या दीर्घ अवर्षणानें हामून सरोवरें कोरडीं पडलीं; मासे धरणारे, बोरूच्या चटया विणणारे आणि गुरें राखणारे लोक देशोधडीला लागले. २०२१ च्या मार्चांत अफगाणिस्तानानें कमालखान येथें धरण पुरें केलें. म्हणजे १९०५ सालीं ज्या जागीं मॅकमहॉन यांनीं माप ठेवलें होतें त्याच जागीं आतां एका पक्षाची झडप बसली. २०२३ च्या मे महिन्यांत दोन्ही देशांच्या शिपायांत सरहद्दीवर गोळीबार होऊन माणसें मेलीं. इराण म्हणतो, आमचा हिस्सा येत नाहीं. अफगाणिस्तान म्हणतें, नदींतच पाणी नाहीं. दोघांनाही पटेल अशा जागीं उभें राहून मोजल्यावांचून यांतील खरें कोणाचें, हें ठरणार कसें?

वाचकांनीं या लांबच्या गोष्टीवरून जवळचा बोध घ्यावा. पाण्याच्या वांटणींत तीन गोष्टी लागतात. माप मोघम नको, आंकड्यांत पाहिजे. तें माप दोन्ही भावांच्या डोळ्यांदेखत झालें पाहिजे, आणि दुष्काळाची तूटही त्याच मापानें दोघांनीं सोसली पाहिजे. सुकाळांतील हिस्सा सांगून दुष्काळाविषयीं मुकें राहणारें वांटणीपत्र अर्धेंच समजावें. आणि पंच असा पाहावा कीं, निकाल दिल्यावर जो उठून आपल्या घरीं जाईल. गोल्डस्मिड यांजपाशीं पहिली गोष्ट नव्हती. मॅकमहॉन यांजपाशीं ती होती, पण तिसरी नव्हती. १९७३ च्या करारांत तिन्ही कागदावर आल्या, परंतु दुसरी अजून नदीकांठीं उतरावयाची आहे.

विज्ञानेश्वरानें पाळीपाळीनें पाणी घ्या असें सांगितलें त्यांत एक गृहीत दडलेलें आहे: आपली पाळी संपली म्हणजे भाऊ पोहरा बाजूला ठेवील, हा विश्वास. तो पंचाला देतां येत नाहीं. सेतुमतीच्या कांठचे शेतकरी झाऊच्या मोळ्यांचा बांध दरसाल नव्यानें बांधीत. शेजाऱ्यांमधील हा विश्वासही तसाच आहे. पूर त्याला एकदां वाहून नेणारच. पाणी ओसरतांच पुन्हा बांधावयास दोन्ही तीरांवरचे लोक जमतात कीं नाहीं, यावरच पुढच्या वर्षीचें पीक अवलंबून असतें.